चंद्रकलेच्या खोलीतला टीव्ही

आमच्या गल्लीत पहिला टीव्ही भगवंतरावांच्या घरी आला, शहाऐंशीच्या दिवाळीत, आणि त्याचा ॲन्टेना माझ्या बाबांनी चढवला. बाबा वीज खात्यात लाइनमन होते. उंचावर काम करायची सवय, म्हणून भगवंतरावांनी त्यांनाच बोलावलं. सौंसरला बसून नागपूरचं चित्र धरायचं तर तीस फुटांचा पाइप लागायचा. बाबा कौलांवर उभे राहून तो पाइप इंचाइंचानं फिरवत होते, खाली अंगणातून भगवंतराव हातानं दिशा दाखवत होते, आणि आत बैठकीत त्यांची एकुलती एक मुलगी चंद्रकला चित्र आलं, गेलं, असं ओरडून सांगत होती. मी अंगणात बाबांच्या चपला सांभाळत उभी होते. माझे बाबा दुसऱ्याच्या पोरीसाठी एवढ्या वर चढले, हे मला त्या दिवशी टोचलं.

चंद्रकला आणि मी मुलींच्या शाळेत एकाच वर्गात होतो. पहिलीपासून तिचा पहिला नंबर आणि माझा दुसरा. कधी सात मार्कांचा फरक, कधी तीन, सहावीत तर फक्त दोन. निकालाच्या दिवशी बाई म्हणायच्या, चंद्रकला हुशार आहे, आणि कुसुमही हुशार आहे. त्या 'ही'चा मला फार राग यायचा.

बोरगावकडे भगवंतरावांच्या संत्र्याच्या बागा होत्या. आमचं घर दोन खोल्यांचं, विहाराच्या मागे. तरी आमची मैत्री खरी होती. शाळेत डबा आम्ही एकत्र खात होतो आणि घरीही बरोबरच येत होतो. त्यांच्या ओसरीवर मला पाणी मिळायचं ते कोनाड्यातल्या वेगळ्या पेल्यात. चंद्रकलेनं ते कधी पाहिलं नसावं. मी पाहिलं होतं.

टीव्ही आला तशी त्यांच्या बैठकीत रविवारी सकाळी तीस-चाळीस माणसं जमू लागली. दारात चपलांचा ढीग, भिंतीला तेलकट डोक्यांचे डाग, पोरांची रडारड. चंद्रकलेची आई शकुबाई वैतागून गेली. पण भगवंतरावांना कोणाला तोंडावर नाही म्हणता येत नव्हतं. उन्हाळ्यात आमचा सातवीचा निकाल लागला. चंद्रकला पहिली, मी चार मार्कांनी दुसरी. त्या निमित्तानं भगवंतरावांना वाट सापडली. पोरीला बक्षीस, असं सांगून त्यांनी टीव्ही उचलून तिच्या खोलीत नेला. तरुण होत चाललेल्या मुलीच्या खोलीत गल्लीतली माणसं कशी शिरणार? दोन रविवारांत गर्दी बंद झाली.

मला मात्र चंद्रकलेनं बोलावलं. तिच्या खोलीला अंगणातून वेगळं दार होतं, म्हणून ते जमलं. एका मुलीसाठी एक अख्खी खोली मी त्या दिवशी पहिल्यांदा पाहिली. खिडकीशी टेबल, त्यावर तिची पुस्तकं, भिंतीला लागून पलंग, आणि पलंगाच्या पायथ्याशी स्टँडवर सरकत्या फळ्यांचा टीव्ही, वर क्रोशाचा रुमाल. ती पलंगावर लोळून बटण फिरवायची. मला वर ये म्हणाली. मी खाली सतरंजीवरच बसले. आमच्या घरी मी आई आणि दोन धाकट्या भावंडांच्या मध्ये झोपत होते, कूस बदलायची तर आधी कोणाचा तरी पाय बाजूला सारावा लागायचा. मी त्या खोलीतली एकेक वस्तू नजरेनं मोजून घेतली आणि घरी येऊन आईशी विनाकारण भांडले.

जुलैत आठवी सुरू झाली. आमच्या मध्य प्रदेशात आठवीला बोर्डाची परीक्षा होती, त्यामुळे बाईंनी पहिल्या दिवसापासून धाक घातला होता. चंद्रकला रोज सकाळी शाळेत येताना मला आदल्या रात्री काय पाहिलं ते सांगायची. आधी ते संध्याकाळचं असायचं, मग जेवणानंतरचं. पोळ्याच्या सुमाराला तिनं मला आणखी एक गोष्ट सांगितली. आईबाप झोपले की ती पुन्हा टीव्ही लावत होती. आवाज पूर्ण बंद, फळ्या अर्ध्या ओढलेल्या, आणि दाराच्या फटीला गोधडी.

"आवाज नाही तर समजते कसं?" मी विचारलं.

"मीच बोलतो ना त्यांच्यासाठी," ती म्हणाली. "बाईचं बी मीच अन् माणसाचं बी मीच. लय मजा येते."

सगळे कार्यक्रम संपून पडद्यावर नुसत्या मुंग्या दिसू लागल्या तरी ती पाहत बसायची. त्यातही काहीतरी हलतं, असं तिचं म्हणणं होतं. हे तिनं फक्त मला सांगितलं होतं आणि विद्येची शपथ घातली होती.

दसऱ्यापर्यंत ती इतिहासाच्या तासाला डुलक्या घेऊ लागली. डोळे लाल, डोकं दुखतं म्हणून कपाळाला रुमाल बांधलेला. गृहपाठ ती माझ्या वहीतून उतरवायची आणि मी वही खुशीनं द्यायचे. मग गणिताची चाचणी झाली. मला वीसपैकी अठरा, तिला अकरा. आमच्या वर्गशिक्षिका सुशीलाबाईंनी तिचा पेपर दोनदा तपासून पाहिला. मी माझ्या अठरावर बोट ठेवून बसले होते आणि माझ्या आत काहीतरी गोड गोड हललं. ते मी आजही नाकारत नाही.

त्यानंतर मी बदलले. आधी ती सांगायची आणि मी ऐकायचे. आता मी विचारू लागले. पुढं काय झालं, ती बाई कुठे गेली, त्याला कळलं का. एकदा शाळा सुटल्यावर ती फार दमलेली होती. म्हणाली, आज लवकर झोपते, डोकं ठणकून राहिलं. मी लगेच चेहरा पाडला.

"मग मले कसं समजन? आमच्या घरी काय टीव्ही हाये का?"

ती थांबली. माझ्याकडे पाहून तिला वाईट वाटलं, ते दिसत होतं. "बरं," ती म्हणाली, "पाहतो अन् सांगतो तुले."

ती त्या रात्री माझ्यासाठी जागली. मी त्या रात्री भूमितीची दोन प्रकरणं संपवली.

डिसेंबरात सहामाहीचा निकाल लागला. सुशीलाबाईंनी पहिलं नाव माझं घेतलं. सात वर्षं मी ते ऐकण्याची वाट पाहिली होती. चंद्रकलेचं नाव अकरावं आलं आणि वर्गातल्या सगळ्या मुली वळून तिच्याकडे पाहू लागल्या. मी घरी पळत गेले. आईनं शिरा केला, बाबांनी सायकलवरून चक्कर मारून आणली. येताना आम्ही भगवंतरावांच्या घरावरून आलो. चंद्रकलेच्या खोलीच्या झरोक्यातून निळा उजेड हलत होता. पहिला नंबर माझ्या खिशात होता, तरी तो उजेड पाहून माझा जीव पूर्वीसारखाच जळला.

जानेवारीत चंद्रकलेचं सगळंच बिघडलं. ती घरच्यांबरोबर जेवेना, ताट खोलीत नेऊ लागली आणि तिथेच अर्धं टाकू लागली. हाक मारली की दचकायची. दिवसा डोळा लागला की झोपेत बडबडायची, कधी बाईच्या आवाजात, कधी माणसाच्या. शकुबाईनं ते ऐकलं. पोरीला बाहेरचं काही लागलं, अशी तिची खात्री झाली. आधी अंगारा झाला, गळ्यात ताईत झाला. मग एका शनिवारी तिनं चंद्रकलेला जामसांवलीच्या मारुतीकडे न्यायचं ठरवलं. चंद्रकला माझ्याशिवाय यायला तयार नव्हती, म्हणून मलाही नेलं.

आमच्या घरी देवाचं करत नाहीत. मी बाहेर चपलांजवळ बसून राहिले. तिथून आतलं दिसत होतं. शकुबाई कितीतरी वेळ हात जोडून उभी होती. तिच्या गालावरून पाणी वाहत होतं आणि ती ते पुसतही नव्हती. आजूबाजूला तिच्यासारख्याच दुखणाईत माणसं घेऊन आलेल्या कितीतरी बाया होत्या. चंद्रकला खांबाला टेकून बसली होती आणि गाढ झोपली होती. तिला कोणी तरी घरी नेऊन आठ दिवस नुसतं झोपवलं असतं तरी पुरलं असतं. हे तिथे एवढ्या माणसांत फक्त मला ठाऊक होतं.

परतीच्या वेळी शकुबाई माझ्याजवळ आली. चंद्रकला पुढे चालत होती.

"कुसुम, तू दिवसभर तिच्यासंगं असते. तुले काही दिसलं का व? काही भेव नको ठेवू. मले सांग."

"नाही काकू," मी म्हणाले.

ती माझ्या डोक्यावरून हात फिरवून पुढे गेली. त्या हाताचं ओझं मी घरापर्यंत वाहून आणलं.

मग नागपूरच्या डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी चष्मा दिला आणि विश्रांती घ्या म्हणाले. भगवंतरावांनी त्या विश्रांतीचा आपल्या परीनं अर्थ लावला. पोरगी पहिल्यापासून पुस्तकात डोकं घालून बसते, त्यानंच तिचं डोकं शिणलं, असं ते ज्याला त्याला सांगू लागले. फेब्रुवारीत बोर्डाचा फॉर्म भरायचा होता. त्यांनी तो भरायचा नाही असं ठरवलं. शाळा बंद, घरी आराम करू द्या, मन रमवायला खोलीत टीव्ही आहेच. दोन-तीन वर्षांनी स्थळ पाहू.

हे मला चंद्रकलेनंच सांगितलं. पलंगावर पडल्या पडल्या, चष्मा कपाळावर सरकवून, हसत सांगितलं. तिला सुटल्यासारखं वाटत होतं. मी सतरंजीवर बसून ऐकत होते. मला आनंद व्हायला हवा होता. आता बोर्डातही माझा पहिला नंबर कोणी हिसकावणार नव्हतं. पण आधी मला हेवाच वाटला, की ही आता कितीही पडून राहील आणि हिला कोणी उठवणार नाही. आणि मग तिच्याकडे नीट पाहिलं. मनगटं काडीसारखी झाली होती. डोळे माझ्यावर होते, पण मधूनच बंद टीव्हीकडे जात होते. टेबलावरच्या पुस्तकांवर तिनं ताट ठेवलं होतं.

तिसऱ्या दिवशी संध्याकाळी बाबा ओट्यावर त्यांचा कामाचा पट्टा पुसत बसले होते. मी त्यांना सगळं सांगितलं. रात्रीचा टीव्ही, गोधडी, दोन आवाज. आणि मी तिला कशी जागवत होते, तेही सांगितलं. ते सांगताना मला रडू आलं. बाबांनी पट्टा खाली ठेवला. मारतील असं वाटलं, पण त्यांनी हात उचलला नाही.

"हे मले सांगून काय होते?" ते म्हणाले. "भगवंतरावाले सांग. मी येतो संगं. पण बोलशील तू."

आम्ही गेलो तेव्हा भगवंतराव ओसरीवर संत्र्याच्या पेट्या भरून घेत होते. त्यांनी बाबांना बसा म्हटलं, बाबा उभेच राहिले. मी उभ्या उभ्या बोलले. चंद्रकला रात्री झोपत नाही, आवाज बंद करून टीव्ही पाहते, म्हणून ती अशी झाली. तिला शाळेतून काढू नका. भगवंतरावांनी सगळं ऐकून घेतलं. मग ते माझ्याशी नाही, बाबांशी बोलले.

"वामनराव, पोरगी तुमची हुशार आहे. पण तिले आमच्या पोरीचा टीव्ही पाहावत नाही. एवढीच गोष्ट आहे."

बाबांचा चेहरा उतरला. ते मला घेऊन वळणार, एवढ्यात मी बोलले. ते शब्द मी ठरवून आणले नव्हते.

"हो काकाजी, नाही पाहावत. पयल्या दिवसापासून नाही पाहावत. पण मी खोटं नाही सांगून राहिली."

भगवंतराव पुन्हा पेट्यांकडे वळले. शकुबाई मधल्या दारात उभी होती. आम्ही निघालो. बाबांनी घरापर्यंत माझा हात धरला होता.

पुढचं मला आईकडून कळलं. तिला ते शकुबाईनंच हापशीवर सांगितलं होतं. त्या रात्री शकुबाई नवऱ्याला काही न बोलता उठली आणि अंगणात गेली. झरोक्यात निळा उजेड होता. अंगणाचं दार तिनं हळूच ढकललं, गोधडी बाजूला झाली. चंद्रकला पडद्यापासून हातभर अंतरावर जमिनीवर बसली होती. पडद्यावर एक बाई आणि एक माणूस बोलत होते, आणि ही त्या दोघांचं बोलणं कुजबुजत होती. शकुबाई तिच्या मागे जाऊन बसली. कार्यक्रम संपेपर्यंत बसून होती, संपल्यावर मुंग्या आल्या तरी बसून होती. पोरीला आपल्या पाठीशी आई आहे याचा पत्ताच लागला नाही. शेवटी शकुबाईनं हात लांब करून बटण बंद केलं आणि चंद्रकला किंचाळली.

सकाळी शकुबाईनं बागेतल्या गड्याला बोलावून टीव्ही बैठकीत हलवला. भगवंतराव काही म्हणायला लागले, तर तिनं सांगितलं की गल्ली पुन्हा आली तर येऊ द्या, भिंतीला मी चुना मारून घेईन. रविवारी तिनं स्वतः बैठकीचं दार उघडलं. चंद्रकला चार दिवस रडली, भांडली, जेवली नाही, आणि मग लहान लेकरासारखी झोपू लागली, संध्याकाळी सातला जी पडायची ती सकाळी उन्हं आल्यावरच उठायची. शकुबाई महिनाभर तिच्याच खोलीत निजली. फॉर्म शेवटच्या तारखेला भरला.

मार्चमध्ये ती शाळेत आली. चष्मा लावून आली आणि सरळ मागच्या बाकावर जाऊन बसली. माझ्या शेजारची जागा मी रिकामी ठेवली होती. तिनं माझ्याकडे पाहिलं नाही. परीक्षा झाली तरी बोलली नाही. जूनमध्ये निकाल आला. शाळेत मी पहिली आले, ती चौथी. सगळ्यांनी मला शाबासकी दिली, आणि मी गर्दीत तिला शोधत राहिले. ती आपला निकाल घेऊन केव्हाच घरी गेली होती.

त्याच महिन्यात बाबांची पांढुर्ण्याला बदली झाली. आम्ही सामान बांधत होतो तेव्हा दारात चंद्रकला येऊन उभी राहिली. आमच्या घरात ती कधी आली नव्हती. आईनं तिला आत बोलावलं. तिनं माठातलं पाणी मागितलं आणि उभ्यानंच प्यायली. मग आई बाहेर गेल्यावर माझ्याकडे वळली.

"तुले पोळ्यापासून माहीत होतं," ती म्हणाली. "जामसांवलीले बी माहीत होतं. मग तेव्हा काऊन नाही सांगितलं?"

मी उत्तर तयार केलं होतं. शपथ घातली होतीस म्हणून, असं. कितीतरी रात्री मी ते घोकलं होतं. पण ती चष्म्यातून माझ्याकडे पाहत होती आणि ते उत्तर माझ्या तोंडातून निघेना.

"मले पयला नंबर पाहिजे होता," मी म्हणाले. "अन् तुही खोली बी पाहिजे होती. काहीच भेटत नव्हतं, तर वाटलं, तुह्यं बी जाऊ दे."

ती ऐकत राहिली. रागावली नाही, रडलीही नाही. तिनं पेला उपडा घातला.

"मले वाटलंच होतं," एवढंच म्हणाली आणि गेली.

पांढुर्ण्याला आम्हाला जाम नदीजवळ घर मिळालं, पलीकडे सावरगाव दिसायचं. शाळा नवी, मुली नव्या. माझा नंबर तिथे सहामाहीत पहिला आला आणि त्याची मला स्वतःला फारशी मजा वाटली नाही, कारण दुसरी आलेली मुलगी कोण हेही मला नीट ठाऊक नव्हतं. सौंसरहून कोणाचं पत्र येईल अशी आशा मी सोडली होती.

जानेवारीच्या दुसऱ्या आठवड्यात पोस्टकार्ड आलं. वर मायना नाही, खाली सही नाही. नुसते विषय आणि त्यापुढे सहामाहीचे मार्क, सहाच्या सहा. अक्षर चंद्रकलेचं. मी माझी गुणपत्रिका काढली आणि ओट्यावर बसून एकेक विषय जुळवून पाहिला. हिंदीत मी पुढे होते, संस्कृतात थोडी पुढे, विज्ञानात बरोबरीत. गणितात ती माझ्याहून अकरा मार्कांनी पुढे होती.

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. मी ते कार्ड तीनदा वाचलं. मग बाबांकडे नवं कार्ड मागितलं, माझे सगळे मार्क तसेच ओळीनं लिहिले, गणिताचेही लिहिले, आणि पत्ता घालून त्याच संध्याकाळी पेटीत टाकून आले.